‘चालतेय ना?’ एवढेच विचारू नका

ही हकिकत सांगताना मला थोडी लाज वाटते. पण लाज वाटण्यासारख्या चुकाच पुष्कळ शिकवून जातात, म्हणून सांगतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोन घरची माणसे कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. गाडी माझ्या दाजींची. जीपसारखी उंच, पण लांबीला साध्या मोटारीएवढी. जिला आजकाल छोटी एसयूव्ही म्हणतात, तशी. पुढचे डावे चाक खड्ड्यात गेले की खालून ‘टक्’ असा आवाज येई. वळणावर स्टिअरिंग फिरवले की पुन्हा ‘टक्’. मी दाजींना विचारले. ते हसून म्हणाले, “अरे, पावसाळ्यापासून वाजतंय. चालतंय ना? मग झालं!” मी गप्प बसलो. घर्षण, तरफ, बलाचे आघूर्ण हे विषय मी २० वर्षे महाविद्यालयात शिकवतो आहे, आणि तरीही गप्प बसलो.

मलकापुरात चहाला थांबलो. शेजारी पंक्चरचे दुकान होते, म्हणून टायरांत हवा पाहून घ्यावी म्हटले. दुकानातल्या मिस्त्रींनी हवा भरता भरता पुढच्या टायरवरून हात फिरवला. टायरची आतली कड गुळगुळीत झाली होती. त्यांनी जॅक लावून चाक उचलले. घड्याळात पावणेतीन वाजताना काटे जेथे असतात, तेथे दोन्ही हातांनी चाक धरले आणि आतबाहेर हलवले. चाक डोळ्यांना दिसेल इतके हलले. मग ते खाली वाकले, बॅटरीचा उजेड पाडला आणि मला बोलावले. एका सांध्यावरचे रबरी टोपण फाटले होते, आणि आत ग्रीसच्या जागी लाल चिखल होता.

“साहेब, घाट उतरू नका,” ते म्हणाले. “हा एंड कधी निसटेल सांगता येत नाही.”

तो भाग मागवून बसवेपर्यंत तीन तास गेले. खर्च आला तो गाडीची टाकी भरायला लागतो त्याहूनही कमी. पुन्हा गाडीत बसताना नववीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आवाज तर तुम्हालाही ऐकू येत होता ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

हातापासून चाकापर्यंत

गाडीचे सुकाणू म्हणजे नुसते हातातले गोल चक्र नव्हे. त्या चक्रापासून एक दांडा खाली जातो. त्याच्या टोकाला एक छोटे दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका दातेरी सरळ पट्टीवर बसलेले असते; ती रॅक. चक्र फिरवले की पिनियन फिरते आणि रॅक डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या दोन्ही टोकांना दोन दांडे जोडलेले असतात, ते टायरॉड. टायरॉडच्या बाहेरच्या टोकाला जो सांधा असतो, तो टायरॉड एंड. मिस्त्री ज्याला नुसता ‘एंड’ म्हणाले, तो हाच. त्याने चाकाच्या मागचा हात ढकलला किंवा ओढला की चाक वळते.

सगळ्याच छोट्या एसयूव्हींत रॅक असते असे नाही. भारतात १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीत रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स होता. त्यात मोठा आट्याचा दांडा आणि त्यावर बसलेला नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या घरंगळत फिरतात. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीतही हीच गोळ्यांची रचना आहे. दगडधोंड्यांच्या वाटेवर चाकाला बसणारे हिसके अशा रचनेतून हातापर्यंत कमी पोहोचतात, हा तिचा फायदा. रॅकची रचना हलकी आणि सुटसुटीत असते व रस्त्याची जाणीव हाताला अधिक चांगली देते. रचना कोणतीही असो, शेवटी सांधे आलेच.

आता थोडे गणित करू. समजा, चक्राचा व्यास ३७ सेंटिमीटर आहे. एका पूर्ण फेऱ्यात हाताने कापलेले अंतर ११६ सेंटिमीटर. तेवढ्यात रॅक सरकते समजा ४.५ सेंटिमीटर. ११६ ला ४.५ ने भागा. उत्तर साधारण २६ येते. म्हणजे घर्षण सोडून दिले तर हाताने लावलेले बल रॅकवर २६ पट होते. अर्थात फुकट काही मिळत नाही. बल २६ पट झाले, तर अंतर २६ पट कमी झाले. पाठ्यपुस्तकातला ‘यांत्रिक फायदा’ तो हाच. तो विहिरीच्या रहाटात असतो तसाच मोटारीतही असतो.

दुसरी गंमत पाहा. वळताना पुढची दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळत नाहीत. गाडीचे प्रत्येक चाक एकाच केंद्राभोवती फिरायचे, तर आतल्या चाकाचे वर्तुळ लहान आणि बाहेरच्या चाकाचे मोठे असते. म्हणून आतले चाक अधिक वळावे लागते. पुढच्या-मागच्या चाकांत २.५ मीटर, डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर असलेली गाडी घ्या. तिचे बाहेरचे पुढचे चाक ५.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर ते सुमारे २९ अंश वळायला हवे आणि आतले सुमारे ३९ अंश. पायथागोरसचे प्रमेय आणि दहावीची त्रिकोणमिती एवढ्यावर हे गणित सुटते. करून पाहा.

बैलगाडीला दोनच चाके, आणि ती एकमेकांपासून मोकळी फिरतात, म्हणून तिला ही अडचण नाही. चार चाकांच्या बग्ग्यांना मात्र होती, कारण त्यांचा पुढचा अख्खा आसच वळवावा लागे. म्युनिकमधला बग्ग्या बनवणारा गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने प्रत्येक चाक स्वतंत्र खिळीवर वळवण्याची युक्ती काढली, आणि त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. तेव्हा मोटार जन्मालाही आलेली नव्हती. आजही ही रचना आकरमानच्या नावानेच ओळखली जाते.

खुब्याचा सांधा आणि कुदळीचा दांडा

आता त्या एंडकडे वळू. त्याच्या आत एक पोलादी गोळी आणि तिच्याभोवती तंतोतंत बसणारी वाटी असते. तुमच्या खुब्याच्या हाडाचा सांधा असाच असतो. चाक खड्ड्यांतून वरखाली होते आणि डावी-उजवीकडेही वळते. या सगळ्या दिशांना वळू देणारा सांधा गोळी-वाटीचाच हवा. आत ग्रीस असते, आणि ग्रीस आत राहावे व धूळ-पाणी बाहेर राहावे म्हणून वरून रबराचे टोपण असते. गॅरेजात त्याला ‘बूट’ म्हणतात.

सारी गोम या बुटात आहे. रबर उन्हाने, चिखलाने, खडे लागून कधीतरी फाटते. फाटल्याबरोबर काहीच होत नाही. गाडी पूर्वीसारखीच चालते. पण पहिल्या पावसात पाणी आत जाते, ग्रीस हळूहळू धुऊन निघते आणि बारीक माती त्यात मिसळते. ग्रीस आणि वाळू यांचे मिश्रण म्हणजे धातू घासायची लुकणच! जे वंगण झीज थांबवत होते, तेच आता झीज करू लागते. पोलादी गोळी आणि वाटी यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते.

फट पडली की खेळ बदलतो. फट नसताना गोळी वाटीला नुसती दाबत होती. आता ती वाटीवर आपटू लागते. आपटल्याने फट वाढते, फट वाढल्याने ती अधिक जोराने आपटते. खेड्यातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. कुदळीचा दांडा जरासा ढिला झाला की प्रत्येक घावाबरोबर तो आणखी ढिला होतो. म्हणून शहाणा शेतकरी दांडा किंचित हलू लागला की लगेच पाचर ठोकतो, कुदळ निसटून पायावर पडेपर्यंत थांबत नाही. दाजींच्या गाडीतला तो ‘टक्’ आवाज म्हणजे ढिल्या दांड्याचाच आवाज होता.

झीज एका चालीने वाढत नाही, ती वाढत्या चालीने वाढते. पहिली फट पडायला काही वर्षे लागली असतील. तेवढीच पुढची फट काही महिन्यांत पडते. ‘पावसाळ्यापासून वाजतंय आणि काही झालं नाही’ या वाक्यातला दोष येथे आहे. काही झाले नाही हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

प्ले किती? मोजून पाहा

हातातले चक्र थोडे फिरवले तरी काही मिलिमीटरपर्यंत चाके हलत नाहीत. या मोकळ्या फिरण्याला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले असणारच; किती चालेल ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. अनेक छोट्या गाड्यांत चक्राच्या कडेवर मोजल्यास ही मर्यादा ३० मिलिमीटरच्या आसपास असते.

३० मिलिमीटर म्हणजे किती? चक्राची त्रिज्या १८५ मिलिमीटर. ३० भागिले १८५ म्हणजे सुमारे ०.१६ रेडियन, अर्थात ९ अंशांहून थोडे जास्त. चक्र १६ अंश फिरवले तर चाक १ अंश वळते असे धरू. म्हणजे चाकाच्या बाजूला हा कोन जेमतेम ०.६ अंश भरतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होणार? पुढचे गणित करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीची चाके एवढ्याच कोनातून चुकीची वळलेली राहिली, तर गाडी सुमारे २५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊ लागते. पहिल्या सेकंदात ती अर्धा मीटरहून थोडी अधिक बाजूला सरकते, आणि दुसऱ्या सेकंदाच्या अखेरीस २ मीटरहून अधिक. समोरून एस.टी. येत असेल, तर २ मीटर ही लहान गोष्ट नव्हे.

खरे म्हणजे चालक सतत नकळत दुरुस्ती करीत असतो, आणि चाकांची ठेवणही अशी असते की ती आपण होऊन सरळ व्हायला पाहतात. हात सोडलेली सायकल सरळ जाते, त्यात असल्याच ठेवणीचा वाटा असतो. म्हणून आपण रोज वाचतो. पण प्ले दुप्पट झाला तर चूकही दुप्पट होते, आणि ती निस्तरायला लागणारा वेळ घाटातल्या वळणावर मिळत नाही.

टायरच्या झिजलेल्या कडेचे गणितही असेच बोलके आहे. पुढचे चाक जाण्याच्या दिशेपासून अर्धा अंश तिरके असेल, तर दर किलोमीटरला ते जणू सुमारे ९ मीटर आडवे फरफटते. हजार किलोमीटरला ९ किलोमीटर! टायर झिजला तर नवल काय? म्हणूनच एंड बदलल्यावर चाकांची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. एंड टायरॉडवर आट्यांनी बसतो. दोन आटे इकडचे तिकडे झाले की दांड्याची लांबी बदलते आणि चाक तिरके होते. नवा एंड घातला आणि अलाइनमेंट केली नाही, तर काम अर्धेच झाले.

माझे मत

माझे म्हणणे एवढेच आहे की देखभाल म्हणजे मोडलेला भाग बदलणे नव्हे. देखभाल म्हणजे मोजणे आणि मोजलेले लिहून ठेवणे. आपण ताप आला की थर्मामीटर लावतो. ‘चालतोय ना’ म्हणून आजाऱ्याला शेतावर पाठवीत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपले दोनच शेरे असतात: चालते, नाहीतर बंद पडले. मधल्या अवस्थेला आपल्याकडे शब्दच नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाने ही मधली अवस्था पाहायला शिकले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की नव्या गाड्यांत सगळे विजेवर चालते, दिवा लागून कळेलच. येथेच मला धोका वाटतो. विजेच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये एक बारीक सळई असते. हाताने चक्र फिरवले की तिला पीळ पडतो; तो पीळ मोजून मोटार हाताला मदत करते. रचना सुंदर आहे यात शंका नाही. पण दिवा लागतो तो विजेच्या भागात बिघाड झाला तर. एंडचा बूट फाटला, हे सांगणारा दिवा नाही. शिवाय मोटारीच्या मदतीमुळे पूर्वी हाताला जाणवणारा जडपणा आणि थरथर आता कमी जाणवते. सोय वाढली, पण इशारे दबले. सोय घ्यावीच, मात्र जे हाताला कळेनासे झाले, ते डोळ्यांनी आणि मोजपट्टीने पाहावे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला काही लोक इंजिन बंद करतात. असे कधीही करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. चाक वळते, पण फार जड लागते. ब्रेकलाही काही दाबांनंतर पूर्वीची मदत मिळत नाही. आणि किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूप लागते. चार थेंब पेट्रोलसाठी एवढी किंमत?

दुसरा आक्षेप असा की हे काम मिस्त्रीचे, विद्यार्थ्यांचे नव्हे. मलकापूरच्या त्या मिस्त्रींनी टायरवर हात फिरवून जे ओळखले, ते मला पदवी असून ओळखता आले नाही, हे मी मान्य करतो. त्यांच्या बोटांत अनुभव होता, माझ्याकडे सूत्रे होती. पण ही दोन ज्ञाने वेगळ्या आळीत का राहावीत? सूत्र जाणणाऱ्याला बोट कुठे ठेवायचे ते कळले, तर तो मिस्त्रींना नेमका प्रश्न विचारू शकेल. उलट बाजूही आहे. टक् आवाज आला की ‘अख्खी रॅकच बदला’ असे सांगणारेही भेटतात. चाक पावणेतीनच्या जागी हलते की बारा-सहाच्या, हे तुम्हाला माहीत असेल, तर तुम्ही फसणार नाही. पावणेतीनच्या जागी हलले तर संशय टायरॉडच्या सांध्यांवर. बारा-सहाच्या जागी हलले तर चाकाच्या बेअरिंगवर किंवा खालच्या गोळीच्या सांध्यावर. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मोठ्या खर्चाआधी दोन्ही टायरांतली हवा सारखी आहे का ते पाहावे. ठरावीक वेगालाच चक्र थरथरत असेल, तर बहुधा चाकाचा तोल बिघडलेला असतो. ताशी ९० किलोमीटरला ते चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्याला एक हिसका देते. हा तुमच्या पुस्तकातला अनुनादाचा धडा आहे.

शाळेत करण्याजोगे

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. तरफ आणि घर्षण हे धडे झाले की एक दिवस शाळेच्या आवारात सपाट जागी एखाद्या शिक्षकांची गाडी उभी करावी. हातब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत. स्टिअरिंगचे कुलूप काढून पुढची चाके सरळ करावीत आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे प्ले मोजावा. चक्राच्या कडेला दोऱ्याची खूण करावी, शेजारी मोजपट्टी धरावी. एका विद्यार्थ्याने चाकाकडे पाहावे, दुसऱ्याने हळूहळू चक्र फिरवावे. चाक हलण्याच्या बेतात आले की थांबून आकडा वाचावा. पाच वेळा मोजून सरासरी काढावी. दर सहा महिन्यांनी तीच गाडी पुन्हा मोजावी आणि आलेख काढावा. जॅक लावणे आणि गाडीखाली जाणे हे मात्र मिस्त्रींचेच काम. विद्यार्थ्यांनी नुसते लांबून पाहावे. जमल्यास गावातल्या एखाद्या मिस्त्रींना त्या दिवशी वर्गात बोलवावे आणि झिजलेला एक जुना एंड आणायला सांगावे. तो हातात घेऊन हलवून पाहिल्यावर जे कळते, ते फळ्यावरच्या आकृतीने कळत नाही.

या प्रयोगाला चार रुपयांचा दोरा आणि एक मोजपट्टी लागते. प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत ही सबब येथे चालणार नाही.

दाजींच्या गाडीत आता एक छोटी वही असते. तिच्यात तारीख, किलोमीटर, टायरांतली हवा आणि प्ले असे चार रकाने आहेत. नोंदी माझी मुलगी करते. शेवटची नोंद १२ मिलिमीटरची आहे. ती १५ झाली, तर आम्ही आवाज येण्याची वाट पाहणार नाही.

तुमच्या घरी, शेजारी, किंवा गावातल्या वडापच्या जीपमध्ये खालून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर एवढे करा: गप्प बसू नका. मी बसलो होतो.